अर्ध्या पिशवीचा अन्याय

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

आजाऱ्याच्या उशाशी स्टुलावर बसून बसून पाठ मोडलेल्या, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचून डोळे शिणवलेल्या आणि आयुष्यात हजार वेळा ‘तुम्ही जरा बाहेर थांबा’ हे वाक्य ऐकून मुकाट बाहेर थांबलेल्या तमाम नातेवाइकांच्या वतीने मी हे पत्र लिहितो आहे. आमची तक्रार एकच आहे. आम्हाला कोणी काही सांगत नाही. (तू छत्तीस वर्षं दवाखान्यात काढलीस, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. म्हणजे ते वाक्य ऐकवणाऱ्यांच्या बाजूची तू. तरी तुलाच लिहितो आहे, कारण आमच्या बाजूच्या कोणाला पुढचं सांगण्याची माझी छाती नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे वाक्य सवयीने हातून गेलं. खोडत नाही, पण ते खरं नाही. मी कालपासून हादरलेला आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, ‘दादा, मुद्द्यावर ये.’ आणि या खेपेला मुद्दा असा आहे की त्याच्यावर यायला मला थोडं लांबून चालत यावं लागणार आहे.

आईला सांभाळायला नर्सेस ब्यूरोतून एक सिस्टर दिवसभर येत होत्या, हे तुला ठाऊक आहे. बुटक्या, केस घट्ट बांधलेल्या, आणि आवाज इतका हळू की माझ्यासारख्या, विनामाईक शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या माणसाला तो पहिल्या दिवसापासून संशयास्पदच वाटला. मला त्या काका म्हणायच्या. (मी बासष्टचा आहे. असो.) रोज दुपारी चार वाजता त्या आईच्या कमरेला शेक द्यायच्या. आता शेक म्हटल्यावर तुझ्यामाझ्या डोळ्यांपुढे काय येतं? वाफाळतं पाणी, टम्म फुगलेली पिशवी, आजाऱ्याच्या चेहऱ्यावर तृप्ती. आमच्याकडे काय चालायचं ते ऐक. बाई पाणी तापवायच्या आणि मग त्यात गार पाणी ओतायच्या! म्हणजे गॅस जाळून जे कमावलं ते नळाखाली घालवायचं. मग पिशवी भरायची ती अर्धी, फार तर अर्ध्याच्या वर चार बोटं. मग ती ओट्यावर आडवी ठेवून तिच्यातली हवा दाबून काढायची, बूच घट्ट करायचं, उलटी धरून हलवायची, पुसायची, वर फ्लॅनेलचं कव्हर घालायचं, आणि एवढं सगळं झाल्यावरही आईला द्यायची नाहीच. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून डोळे मिटून उभं राहायचं, जणू काही पिशवी कानात काही सांगणार आहे.

मग कमरेवर. कमरेखाली कधीच नाही. आईला पिशवीवर झोपू द्यायच्या नाहीत. शेजारी टोमॅटोच्या आकाराचं एक चावीचं घड्याळ होतं, ते पंधरा मिनिटांवर फिरवायचं. दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी बघायची. आणि ते टोमॅटो किणकिणलं की पिशवी काढून घ्यायची. माझी खोली भिंतीपलीकडे. मी कानांनी ऐकलं आहे.

‘अगं, आत्ता कुठे ऊब लागायला लागली. राहू दे की.’

‘नाही, आजी.’

‘पाचच मिनिटं.’

‘नाही.’

‘दुष्ट आहेस तू.’

‘हो, आजी.’

रोज! एक दिवस चुकला नाही. आणि हे पुरेसं नव्हतं म्हणून पायांचं प्रकरण. आईचे पाय गार पडतात, तुला माहीत आहे. ती म्हणायची, पायांना दे गं थोडं, बर्फ झालेत. बाई म्हणायच्या, पायांना नाही, मोजे घालते. मोजे! ऐंशी ओलांडलेली एक माता ऊब मागते आणि तिच्या पायांत लोकरीचे मोजे चढवले जातात! धाकटे, मी पुष्कळ वाचलेलं आहे. जगातल्या एकूण एक जुलमाची सुरुवात अशीच, हळू आवाजात, घड्याळ लावून आणि ‘नियम आहे’ म्हणत झालेली आहे. मी आयुष्यभर अर्ध्या गोष्टींविरुद्ध बोलत आलो. अर्धं पाणी, अर्धा पगार, अर्धी सुधारणा. आणि माझ्याच घरात, माझ्याच आईच्या कमरेवर, अर्धी पिशवी!

मी जाब विचारला. खोलीच्या दारात उभं राहून विचारला. (दारातून आवाज चांगला घुमतो.) बाई शांतपणे काहीतरी सांगत होत्या. आईची वीस वर्षांची शुगर, पाय, कागद, असे शब्द कानावर पडले. पण तेव्हा माझं एक मोठं वाक्य अर्ध्यावर होतं, आणि मी वाक्य सोडत नाही. शेवटचं तेवढं ऐकलं, ‘कपाटाच्या दारावर लिहून लावलंय, काका.’ लिहून लावलंय म्हटल्यावर तर माझं डोकंच फिरलं. भिंतीवर फर्मानं लावायला हे घर आहे की छावणी? मी त्याच संध्याकाळी ‘रुग्णाचे सात हक्क’ असा एक तक्ता ठळक अक्षरांत तयार केला आणि कपाटाच्या दारावर, त्यांचा कागद पुरता झाकला जाईल असा, चारी कोपऱ्यांना डिंक लावून चिकटवला. त्यांचा कागद वाचला नाही. विरोधकांचं वाचायचं असतं हे मीच शेकडो सभांत सांगितलं आहे. असो.

रविवारी सकाळी इमारतीच्या हॉलमध्ये सभा घेतली. विषय होता, ‘शेक हा उपकार नव्हे, अधिकार आहे!’ अकरा माणसं होती. (त्यातली दोन टेबल टेनिस खेळायला आली होती, पण जागेवरून हलली नाहीत हे नमूद करतो.) टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाचं काय होतं हे तुला काय सांगू. तू कधी टाळ्यांसाठी काम केलं नाहीस. मी घरी येऊन ब्यूरोला चार पानी तक्रार लिहिली, ‘रुग्णाची ऊब हिरावून घेण्याबाबत’. ती त्याच दिवशी पोचवली. काल सोमवारी सकाळी साडेनऊला ब्यूरोतून सिस्टरना फोन आला आणि त्यांना परत बोलावून घेतलं. मला वाटलं त्या भांडतील. मी तयारीने दारात उभा होतो. त्यांनी अ‍ॅप्रन घडी करून पिशवीत ठेवला, आईच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि जाताना तुझ्या वहिनीला म्हणाल्या, ‘काकू, काही झालं तरी पायांना नका देऊ.’ मी ते ऐकलं. सत्ता गेलेल्या राजवटीची शेवटची धमकी, असं त्याचं विश्लेषण मी स्वतःशी केलं.

आणि दुपारी चार वाजता, धाकटे, मी शेक दिला.

पाणी उकळलं तसं ओतलं. गार एक थेंब नाही. पिशवी गळ्यापर्यंत भरली, इतकी की बूच लावताना माझीच दोन बोटं पोळली. (पोळली! तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. वर मनगटाला लावून बघायचं भान कुठून असणार?) कव्हर काढून फेकलं, कारण ऊब आणि आई यांच्यामध्ये फ्लॅनेल कशाला? पिशवी तिच्या तळपायांखाली ठेवली आणि सरकू नये म्हणून वरून मफलरने बांधली. विचारलं, ‘सोसतंय ना गं?’ आई म्हणाली, ‘काहीच लागत नाही रे.’

हे वाक्य माझ्या कानात कालपासून घणासारखं वाजतं आहे. काहीच लागत नाही! मी त्याचा अर्थ काय लावला माहीत आहे? मी म्हटलं, दोन महिने मोजे घालून घालून पायांची उबेची सवयच मोडली! मी पाणी काढलं, पुन्हा उकळलं, पुन्हा भरलं, पुन्हा बांधलं. आणि आई निवांत पडलेली दिसली म्हणून तिला समोर धरून पुढच्या आठवड्यातल्या मेळाव्याच्या भाषणाची तालीम सुरू केली. पंधरा मिनिटांत मी आजवर एकही भाषण संपवलेलं नाही. कालचंही पाऊण तास चाललं. मध्ये आईला डुलकी लागली. झोपेत हसत होती. मला वाटलं, हेच ते, हाच तो विजय.

तुझी वहिनी वाळलेले कपडे घेऊन आत आली. तिने पांघरूण उचलून बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, ‘अहो, इकडे या.’ मी गेलो. उजव्या तळव्याची कातडी लालभडक झाली होती, टाचेपाशी एक फोड आणि चवड्याखाली दुसरा, पाण्याने भरलेले, ताणलेले. मी मफलर सोडला. आणि आईला जाग आली. तिने आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, ‘काय रे झालं? कोण आलंय?’

तिला काही दुखतच नव्हतं. तिच्या पायाला भाजत होतं आणि तिला त्याची बातमीच नव्हती. धाकटे, मी दुष्काळ पाहिले, दंगली पाहिल्या, त्यांच्यावर बोललो. पण इतकं भयंकर काही मी पाहिलेलं नाही. आपल्याच आईचा पाय भाजतो आहे, ती झोपेत हसते आहे, आणि शेजारी आपण माणसाच्या वेदनेवर भाषण करतो आहोत.

मग मी जे केलं तेही सांगून टाकतो. फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला आणि हाताला येतील तेवढे खडे आणून थेट त्या तळव्याला लावले. उष्णतेवर उतारा थंडी, सरळ हिशेब. वहिनीने माझ्या हातावर चापट मारली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पहिलीच. ‘हात बाजूला घ्या! बर्फानेही कातडी जळते. आणि तेही त्यांना कळायचं नाही.’ आम्ही दोघांनी आईला खुर्चीवर बसवून न्हाणीत नेलं आणि पायावर नळाचं साधं गार पाणी सोडलं. वहिनीने ते टोमॅटोचं घड्याळ वीस मिनिटांवर फिरवलं. (बाई ते कपाटावरच ठेवून गेल्या होत्या.) मला काम एकच, खुर्ची धरून उभं राहायचं. मी विचारलं, हे सगळं तुला कोणी सांगितलं? ती पाण्याकडे बघत म्हणाली, ‘सिस्टरनी. तुम्हालाही सांगत होत्या. तुम्ही बोलत होतात.’

त्यानंतर ती वीस मिनिटं मी एक शब्द उच्चारला नाही. आईला काळजी वाटायला लागली. म्हणाली, ‘याला बरं नाही का गं?’

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. चष्मा वर करून पाय बघितला आणि विचारलं, ‘पायाला शेक कोणी दिला?’ मी तोंड उघडेपर्यंत आई म्हणाली, ‘मीच मागितला होता.’ मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये पायाला गरम-गार समजत नाही, त्यामुळे ‘सोसतंय का’ हा प्रश्न तिथे उपयोगाचा नाही. म्हणून तर पाणी दुसऱ्याने बघायचं, वेळ घड्याळाने बघायची, कातडी डोळ्यांनी बघायची, आणि अशा पायाला तर शेक द्यायचाच नाही. दोनतीन आठवडे रोज ड्रेसिंग. फोड फोडायचे नाहीत. आणि जखम चिघळली, तर... एवढं म्हणून ते थांबले आणि बॅग आवरायला लागले. अपुरं वाक्य इतकं भीतिदायक असू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मी सगळी पुरी करत आलो.

जाताना त्यांनी विचारलं, नर्सने काही नोंद ठेवली होती का? वहिनीने कपाटाचं दार दाखवलं. तिथे माझे सात हक्क! डॉक्टरांनी नखाने कोपरा उचलला, तक्ता टराटरा फाटला (डिंक मी चांगलाच लावला होता), आणि खालून तो कागद निघाला. लाल शाईत, दोन रेघा मारून लिहिलेलं: ‘दोन्ही पावलांना स्पर्श कळत नाही. शेक नाही. बर्फ नाही. फक्त मोजे.’ त्याखाली रोजची तारीख, कमरेचा शेक सुरू केल्याची वेळ, काढल्याची वेळ, कातडीचा रंग. दोन महिन्यांत, माझा तक्ता वर चिकटेपर्यंत, एक दिवस सुटलेला नाही. डॉक्टर म्हणाले, ‘या बाईंना सोडू नका.’

म्हणजे मला सांगितलं होतं, धाकटे. तोंडाने सांगितलं होतं, लिहून सांगितलं होतं, जाता जाता दारातून सांगितलं होतं. या पत्राच्या सुरुवातीची आमची जी सामुदायिक तक्रार आहे, तिच्यातून माझं नाव वगळावं.

रात्री जेवताना मी आईला म्हटलं, पण तूच तर रोज गयावया करत होतीस, दुष्ट म्हणत होतीस! ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ‘अरे, ते आमचं रोजचं भांडण होतं. ती नाही म्हणणार हे मला ठाऊक असायचं, म्हणून तर मागायचे. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाने करायचं काय? चार वाजले की भांडायला मिळायचं. तू तर आमच्यात येऊन सभाच घेतलीस.’ आणि ताट बाजूला सारून तिने जाहीर केलं, दुसऱ्या कोणा बाईला पायाला हात लावू देणार नाही. तीच येईल.

आज सकाळी मी ब्यूरोत गेलो. तिथल्या बाईंच्या टेबलावर तक्रार मागे घेण्याचा अर्ज ठेवला. अकरा पानी. त्यांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, ‘काका, ही तक्रार मागे घेताय की नवीन करताय?’ सिस्टर तिथेच बाकावर बसल्या होत्या. त्यांचं ओळखपत्र जमा करून घेतलेलं, शुक्रवारी चौकशी. ती होईपर्यंत कुठल्याही घरी जायचं नाही, कुठल्याही आजाऱ्याला हात लावायचा नाही, आणि चौकशीत तक्रार खरी ठरली तर या ब्यूरोचं काम कायमचं बंद. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. माफीचं भाषण मी पायी येताना तयार केलं होतं, चांगलं जमलं होतं. तर मी ‘भगिनी’ एवढं म्हणतोय तोच त्यांनी विचारलं, ‘फोड फोडले नाहीत ना?’

(नाही. काल मी सुई उकळत ठेवली होती, पण वहिनीने ती लपवली.)

‘पाय लोंबता ठेवू नका. ड्रेसिंग दवाखान्यात करून घ्या रोज. आणि कमरेला शेक द्यायचा असेल तर काकूंना देऊ दे.’ एवढंच. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. धाकटे, मला हुल्लडबाज श्रोत्यांनी व्यासपीठावरून खाली ओढलेलं आहे, पण इतका सपाट मी कधी झालो नव्हतो.

ब्यूरोच्या बाई म्हणाल्या, तुम्ही मागे घेतलीत तरी तेवढ्याने भागत नाही, एक अडचण आहे. ती खाली लिहितो. पत्र आजच कुरियरने टाकतो, उद्या बुधवारी तुझ्या हातात पडेल.

मेहुण्यांना नमस्कार. गुडघ्याला जप. त्याला शेक देत असशील तर कसा द्यायचा ते तुला मी सांगायला नको, आणि इथून पुढे कोणालाच सांगणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. आई म्हणते, धाकटीला काळजी लागेल असं काही लिहू नकोस. तेव्हा वरचं वाचून काळजी करू नकोस.

ता. क. मेळाव्यातलं भाषण मी रद्द केलं आहे. आयोजकांनी फार आग्रह न करता मान्य केलं.

ता. क. आता ती अडचण. तक्रारीखाली दोन सह्या आहेत. एक माझी. दुसरी तुझी. म्हणजे तुझी नव्हे, मी केलेली तुझी. नावापुढे ‘निवृत्त मेट्रन’ असं लिहून वर एक ओळही घातली, ‘शास्त्रीयदृष्ट्या मी या तक्रारीशी पूर्ण सहमत आहे.’ रविवारी टाळ्यांच्या भरात मला वाटलं, विचारलं असतं तर तू हो म्हणालीच असतीस. ब्यूरोच्या बाई म्हणाल्या, नातेवाइकांची भाषणं आम्हाला रोज येतात, ती आम्ही फाइलला लावतो. ओळखपत्र जमा करावं लागलं ते तुमच्या बहिणीच्या त्या एका ओळीमुळे. मी तिथल्या तिथे कबूल केलं. त्या म्हणाल्या, तुम्ही रविवारी खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय हे आम्ही कसं ठरवायचं? त्या मेट्रननाच बोलू दे. नंबर मी पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे. हे वाचून तुझा हात पहिल्यांदा माझा नंबर फिरवायला जाईल, आणि तू जे बोलशील ते मी उभ्याने ऐकून घेईन, पण नंतर. शुक्रवारी अकराला चौकशी आहे. त्याच्या आत ब्यूरोत फोन कर आणि दोन वाक्यं सांग: ती सही माझी नाही, आणि त्या सिस्टर बरोबर होत्या. मला नको करूस. आधी त्यांना कर.